मेडशीची परीक्षा

वाशीमला प्राथमिक शाळांचे मास्तर तयार करणारा एक वर्ग होता. तिथे मी गणित शिकवत असे. माझी पद्धत साधी. मी सांगायचं, शिकाऊ मास्तरांनी उतरवून घ्यायचं आणि परीक्षेत जसंच्या तसं परत करायचं. माझ्या हाताखालून गेलेला मास्तर रिसोडला असो की मेडशीला, अपूर्णांकाची व्याख्या एकाच चालीत म्हणायचा. मला त्याचा अभिमान होता. आजही थोडा आहे.

मग तो आला. माझ्याहून वयानं लहान, रिसोडकडच्या कास्तकाराच्या घरचा, डोक्यावर कायम वाकडी टोपी. शिकवावं कसं, हा त्याचा विषय. पण उदाहरणं घ्यायची ती नेमकी माझ्या गणितातली. पहिल्याच आठवड्यात त्यानं बाकं भिंतीला लावली, चांगल्या मिशीवाल्या माणसांना गोल करून जमिनीवर बसवलं आणि पंच्यात बांधून आणलेल्या भाकरी मोडून अपूर्णांक सुरू केले. मी व्हरांड्यातून पाहत होतो. व्याख्या नाही, लिहून घेणं नाही, नुसतं हसणं चाललेलं. माझ्या तासाला कुणी हसत नाही, हे तोवर मला कधी खटकलं नव्हतं.

एवढ्यानं भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण त्या वर्षी माझा मुलगाही त्याच वर्गात होता. जेवायला बसला की त्याचं सुरू व्हायचं, "आमचे मास्तर म्हनतात..." अरे, मीही तुझा मास्तरच आहे की! पण माझं वाक्य त्यानं कधी घरात आणलं नाही. मी वरणात मीठ नाही म्हणून ताट सरकवायचो. मीठ असायचं.

"त्या मास्तरवर कायले जळून राह्यले तुमी?" एकदा बायकोनं तोंडावर विचारलं.

"मी कायले जळू?" मी म्हणालो. जळत होतो. चांगला जळत होतो.

वर्षाच्या शेवटी त्यानं परीक्षाच बदलली. लेखी पेपर नाही. शिकाऊ मास्तरांनी मेडशीच्या शाळेत जाऊन अनोळखी पोरांना एक धडा शिकवायचा आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसायचं. मग आमच्यापैकी कुणीतरी पोरांना प्रश्न विचारायचे. पोरांना आलं, तर मास्तर पास. वर्गाच्या मुख्यांना ही कल्पना फार आवडली. मला कुणी विचारलंही नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी मुलाला समोर बसवून माझी टिपणं पाठ करून घेऊ लागलो. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "बाबा, हे मले येते. पन पोराईले कसं येईन?" हे वाक्य कुणाचं, ते मला कळलं.

आम्ही मोटारीनं मेडशीला गेलो. पहिला उभा राहिला तो माझा लाडका विद्यार्थी. त्यानं व्याख्या सांगितली, पोरांकडून घोकून घेतली. मला बोलण्याआधी घसा खाकरायची सवय; गड्यानं तीही उचलली होती. तो बाहेर गेल्यावर अपूर्णांक म्हणजे काय, असं विचारलं, तेव्हा अख्ख्या रांगेनं आधी घसा खाकरला आणि मग व्याख्या म्हटली. वाकड्या टोपीनं तोंड फिरवलं. ओसरीवरून मोठ्यानं हसू आलं, ते माझ्या मुलाचं होतं.

मुलाची पाळी आली तेव्हा वाकडी टोपी मला म्हणाली, "याच्या पोराईले तुमीच विचारा. बाप सूट देनार नाही." त्यानं माझ्या मनातलं ओळखलं होतं की नाही, देव जाणे. माझ्या मनात एवढंच होतं, की माझ्या पोटच्या पोरानं आज नापास व्हावं. भाकर घेऊन शिकवतोस काय, पाहतोच.

मुलानं गावातल्या एका घरून भाकर मागून आणली होती. पोरांकडूनच ती मोडून घेतली, जोडून घेतली. व्याख्या शेवटपर्यंत सांगितली नाही. तो बाहेर गेला आणि मी पुढे झालो. मी मुद्दामच विचारलं, "अर्धी भाकर मोठी की पाव?" पोरं चटकन अर्धी म्हणतील, मग मी का ते विचारणार आणि तिथं ती गाडी अडणार, असा माझा हिशेब.

मागे बसलेली एक लहान पोरगी म्हणाली, "कोन्या भाकरीची?"

"म्हणजे?"

"माय बाबासाटी मोठी भाकर थापते अन् मले लहान चानकी. बाबाच्या भाकरीतली पाव माह्या अर्ध्या चानकीहून मोठी होईन ना."

मी इतकी वर्षं अपूर्णांक सांगत आलो, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी निमूटपणे मुलाला पास केलं. मोटारीकडे जाताना वाकडी टोपी जवळ आली. "गुरुजी, असा प्रश्न मले नसता सुचला," तो मनापासून म्हणाला. त्याच्या तोंडची स्तुतीही मला गोड लागली नाही.

पुढे त्याची बदली झाली आणि मुलगा किन्हीराजाच्या शाळेवर लागला. एकदा मी न कळवता गेलो, तर त्याचा वर्ग चालू होता. खिडकीशी थांबलो. पोरं गोल बसली होती, मधे भाकर.

"मी शिकत होतो तवा," तो सांगत होता, "आमच्या मास्तरांनी मेडशीत एक प्रश्न टाकला होता. वाकडी टोपी घालत ते. असा प्रश्न त्याइलेच सुचे. सांगा, अर्धी भाकर मोठी का पाव?"

त्या दिवशी तो ओसरीवरच होता. विचारणारा आवाज बापाचा होता, हे त्याला ऐकू गेलं नसेल असं कसं म्हणू?

वर्ग सुटल्यावर त्यानं पाया पडून विचारलं, "कवा आले बाबा?" मी म्हटलं, "आत्ताच." त्यानं पाणी दिलं, ते प्यायलो. गावाच्या, पिकाच्या गोष्टी केल्या आणि परत आलो.

त्याला मी अजून काही बोललेलो नाही. इथं मात्र लिहून ठेवतो. तो प्रश्न माझा होता.