प्रियदर्शनीची रीसलिंग

पहाटे प्रियदर्शनीच्या मोरीतून पच्च, पच्च असा आवाज यायला लागला, तेव्हा बिबवेवाडीतल्या त्या अख्ख्या इमारतीने एकच निष्कर्ष काढला. वय त्रेचाळीस, मुलगी इंजिनियरिंगला, आणि आता हे! समोरच्या बायकांनी लगोलग चिंचा पाठवल्या.

प्रियदर्शनीने चिंचा ठेवून घेतल्या. आमटीला बऱ्या पडल्या. खुलासा मात्र केला नाही, कारण खरी गोष्ट बाळंतपणापेक्षा अवघड होती. बाई वाइन चाखून, न गिळता थुंकायचा सराव करत होत्या. लिंबूपाण्याचा घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा आणि एका धारेत पातेल्यात सोडायचा. हनुवटीवर ओघळ येता कामा नये.

आप्पासाहेबांच्या दारूच्या दुकानात ती कित्येक वर्षं गल्ल्यावर होती. आता वाइनची अख्खी बाजू सांभाळायला त्यांना माणूस हवा होता आणि ती जागा आपलीच, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. अडलं एका जर्मन बाटलीपाशी. रीसलिंग हे द्राक्षाचं नाव आणि त्याच्या पांढऱ्या वाइनचंही. खिशाला परवडणारी, आणि ड्राय, म्हणजे द्राक्षाची साखर जवळजवळ न उरलेली. पण उंच, सडपातळ बाटली आणि लेबलावरचं 'फुलांसारखा वास' पाहून लोक गोड समजून न्यायचे. एका गृहस्थांनी ती श्रीखंड-पुरीबरोबर उघडली आणि अर्धी संपवून परत आणली. "आंबट निघाली. बदलून द्या."

"ताई, गिऱ्हाइकाला आधी सांगायचं ना?" आप्पासाहेब करवादले.

"मी कुठे चाखलीय?"

"मग चाखा! न चाखता विकणारा माणूस त्या जागेवर नको मला. शनिवारी तीन ग्लास मांडतो. त्यातली रीसलिंग ओळखायची."

घरी सासूबाई, चंद्रभागाबाई, रोज सकाळी पंचशील म्हणत आणि प्रियदर्शनी त्यांच्या मागोमाग. पाचवं शील दारू वर्ज्य करणारं. सासूबाईंनी पातेलं पाहिलं, तिच्याकडून सगळी हकिकत काढून घेतली आणि म्हणाल्या, "सकाळी शील आणि दुपारी शिशी?"

"पोटात थेंब जाणार नाही, आई."

"विकणं तरी कुठं बसतं शीलात?"

"गल्ल्यावर बसत होते तेव्हा नाही विचारलंत."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरून पटल्याचं दिसत नव्हतं.

शनिवारी आप्पासाहेबांनी ग्लास मांडले, खाली बादली ठेवली. पहिला घोट बादलीत, दुसराही बादलीत. तिसऱ्याला हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा वास आला. घोट घेताच जबडे आवळले.

"हा गिळा," आप्पासाहेब म्हणाले. "मागे चव किती रेंगाळते, ते गिळल्याशिवाय कसं कळणार?"

तोंड भरलेलं. तिने मान हलवली. नाही.

"मग जागा विसरा."

तिने एका धारेत घोट बादलीत सोडला आणि तशीच उभी राहिली.

"अहो, बोला की!"

तिने हाताने थांबा म्हटलं. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. एक गिऱ्हाईक आलं, सोडा घेऊन गेलं. बाई ढिम्म.

"आत्ता गेली चव," ती अखेर म्हणाली. "गिळली नाही तरी एवढी रेंगाळली. अजून तोंडाला पाणी सुटतंय. हीच रीसलिंग. श्रीखंडाबरोबर कुणाला देऊ नका, तळलेल्या सुरमईबरोबर द्या."

आप्पासाहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः घोट घेतला, आयुष्यात पहिल्यांदाच बादलीकडे वाकले आणि निम्मी वाइन शर्टावर सांडली. टिपता टिपता मात्र थबकले. चव अजून जिभेवर होती.

"सोमवारपासून ती बाजू तुमची," ते शर्टाकडे बघत म्हणाले. "आणि ते धारेचं जरा मलाही शिकवा."

घरी सासूबाई दारातच उभ्या. "आ कर." त्यांनी वास घेतला, मग तिच्या डोळ्यांत बघितलं. "गिळलीस?"

"नाही."

त्यांनी दार पूर्ण उघडलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बायका आडून आडून विचारायला आल्या. चंद्रभागाबाईंनी भाजी निवडता निवडता उत्तर दिलं, "पुण्यात थुंकलं की लोकांना दंड होतो. आमच्या सुनेला बढती मिळते."