बाईंच्या खोलीची जमीन

आमच्या बाई कधी कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. दारात यायच्या, पायरीवर बसायच्या, छत्री मांडीवर आडवी ठेवायच्या आणि तिथूनच हाक मारायच्या. "एकदा चहा घेतला की भांडायला तोंड राहत नाही," असं त्यांचं म्हणणं. शाळेत न आलेली पोरगी घेतल्याशिवाय पायरी सोडायची नाही, हा त्यांचा नेम होता.

भोरचं संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या जूनमध्ये त्या आल्या. मार्गासनीला मोटारीतून उतरून आमच्या गावापर्यंत चालत, मागे एका माणसाच्या डोक्यावर त्यांची पत्र्याची पेटी. माहेर भोरचं, नवरा लवकर गेलेला, एवढंच गावाला ठाऊक होतं.

आमच्या पायरीवर त्या पहिल्यांदा बसल्या तेव्हा मी आत चुलीपुढे होते.

"आत या की बाई," माझे वडील म्हणाले. "दारात बशीवलं म्हंत्याल लोक."

"म्हणू द्या. पोरगी पाठवा, उठते."

"तिला अजून भाकरी येत न्हाई," आई आतूनच बोलली.

"मलाही नीट येत नाही. माझी शाळा कुठं बंद पडली?"

आईला हसू आलं, आणि तेवढ्यात मी बाहेर पडले.

इतक्या धीट बाई, पण म्हशीला भ्यायच्या. डोंगरावरून गुरं उतरायच्या वेळी त्या वाटेत सापडल्या, तर आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरीच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या आणि वरून आम्हालाच सांगायच्या, "घाबरू नका गं, मी आहे." म्हैस गेली की पदर सारखा करून पुढे चालायला लागायच्या, जणू काही झालंच नाही. आम्हीही तसंच दाखवायचो.

मला चारचौघांत तोंड उघडवायचं नाही. धडा वाचायला उभी केली की पहिल्याच ओळीला अडखळायची आणि पोरं हसायची. बाईंनी एक दिवस मला खांद्याला धरून वळवलं. "भिंतीकडं तोंड कर. भिंत हसत नाही." मी भिंतीला धडा वाचून दाखवला. चौथी पास होईपर्यंत मी तशीच वाचत राहिले. परीक्षा घ्यायला साहेब आले तेव्हाही बाईंनी त्यांना सांगितलं, "ही पाठ फिरवून वाचते. आवाज ऐका, तोंड बघायचं काय काम?"

चौथीनंतर माझं लग्न ठरलं. बाई पुन्हा आमच्या पायरीवर येऊन बसल्या. त्या दिवशी वडील आत या म्हणाले नाहीत. मी दाराआड उभी होते. ऊन पायरीवर आलं, बाईंच्या मांडीवर आलं, तरी छत्री त्यांनी उघडली नाही. शेवटी उठल्या. कुणाच्या दारातून रिकाम्या हाताने उठताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. जाताना मोठ्याने म्हणाल्या, "गावातच देताय ना? मग दिसत जा गं मला."

सासर गावातच, खालच्या आळीला. शाळा वरच्या अंगाला आणि मध्ये चावडी. चावडीपुढे सदा चार माणसं बसलेली असतात. सुनेने त्यांच्या समोरून जायचं नाही, मागून ओढ्याकडच्या वाटेने जायचं, आणि ती वाट पाण्याला आणि शेताला जाते, शाळेला जात नाही. लेक होते तेव्हा ज्या रस्त्याने मी पळत होते, तोच रस्ता सून झाल्यावर मला बंद झाला. शाळेची घंटा अंगणात ऐकू यायची. बाईंना मी दिसले नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या भोरला गेल्या, तिथे तापाने पडल्या, आणि परत आली ती त्यांची बातमी.

गाव हळहळलं. घरटी एक तरी लेकरू त्यांच्या हाताखालून गेलेलं. पाटलांनी पुढाकार घेतला, नदीतला दगड लोकांनी खांद्यावर वाहिला, आणि बाईंच्या नावाची खोली उभी राहिली. त्यांच्या पेटीतली पुस्तकं तिथे मागच्या भिंतीला फळीवर लावली. मानाची जागा म्हणून खोली बांधली चावडीला लागून. दार चावडीच्या तोंडासमोर. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ज्या पोरींसाठी बाई दारोदार बसल्या, त्या आता सुना झाल्यात आणि त्यांना त्या दारापर्यंत येता येत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

जमीन मातीची होती. दर आठवड्याला सारवायला कुणीतरी हवं होतं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाटलीणबाईंना म्हणाल्या, "आमची जाईल की. तिची मास्तरीण हुती." शेणाची पाटी डोक्यावर असली की सुनेला कुठूनही जाता येतं, कुणी नाव ठेवत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चावडीवरची माणसं मान दुसरीकडे वळवून बसली होती, तरी मी घाईघाईने आत शिरले. सारवताना मागच्या भिंतीपासून सुरू करून दाराकडे यायचं, हे लहान पोरीलाही कळतं. मी गडबडीत दारापासून सुरुवात केली आणि मागच्या कोपऱ्यात अडकले. पुढे सगळी ओली जमीन, पाठीशी पुस्तकं. ओल्यावर पाय द्यायचा नाही, म्हणून वाळेपर्यंत बसले. हात पदराला पुसून एक पुस्तक काढलं आणि भिंतीकडे तोंड करून हळू वाचत राहिले.

त्यानंतर मी दारापासूनच सारवायला लागले.

"एवढा वेळ लागतो व्हय गं?" आत्याबाई विचारायच्या.

"वाळत न्हाई लवकर," मी म्हणायची. थंडीत खरंच वाळायचं नाही. थंडी मला फार आवडायची.

मग एकदा आत्याबाईच आनंदाने सांगत आल्या, पाटील पुण्याहून शहाबादी फरशी आणतायत, बाईंची खोली कायमची चांगली होणार. मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपली. त्या दिवसापासून चुलीपुढे एकच वाक्य घोकत राहिले, मागचा एक कोपरा मातीचाच राहू द्या. कारण विचारलं तर काय सांगायचं, हे मात्र सुचलं नाही.

फरशी बसली. बायकांनाही त्या दिवशी बोलावलं होतं, आम्ही बाहेर भिंतीकडेला उभ्या होतो. पाटलांनी मला नाव घेऊन पुढे बोलावलं. सगळी चावडी बघत होती.

"ह्या पोरीनं लई केलं बाईंसाठी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आता तुला शेणात हात घालाया नगं, पोरी. सुटलीस."

पाटलीणबाईंनी ओटीत नारळ आणि खण घातला. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पाटील माझ्या तोंडाकडे बघत थांबले, मी काही बोलेन म्हणून.

"बरं," मी म्हणाले.

ओढ्याकडच्या वाटेने आम्ही घरी आलो. आत्याबाईंनी सांजेला नारळ फोडला. "गोड हाय," म्हणाल्या, आणि सगळ्यात मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.