काशिनाथने दाखवलेली पडीक जागा

काशिनाथ गेल्याची बातमी मला वीर स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याकडून समजली. त्याला महिना झाला. नंतरच्या शोकसभेत वक्त्यांनी त्याला सावित्री खाडीचा भाग्यविधाता ठरवले, म्हणून हे लिहितो. दासगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी त्याला ओळखत होतो. वक्ते ओळखत नव्हते.

तो मत्स्य खात्यात अधिकारी झाला, मी शिक्षक. नव्वदच्या दशकात मासेमारीत पुढारलेल्या एका देशाने आपल्या खाड्यांसाठी बर्फाचे कारखाने देऊ केले. तिकडचे तज्ज्ञ जागा पाहण्यास दासगावी आले... तेही आषाढात. नारळी पौर्णिमेपर्यंत मासेमारी बंद, होड्या काठावर ओढलेल्या, आणि कोळणींच्या वाळवणीच्या जागेवर गुडघाभर गवत. ‘ही पडीक का?’ पाहुण्याने विचारले. ‘पडीकच,’ काशिनाथ म्हणाला. त्याची आई जन्मभर तिथेच जवळा वाळवत आली होती. मी त्याला बाजूला घेतले. तो म्हणाला, ‘मास्तर, तू शाळेत शिकव. हे लोक माघारी गेले, तर कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात जाईल.’

कारखान्यासाठी त्या जागेला कुंपण घातले त्या दिवशी त्याच्या आईने सर्वांसमक्ष विचारले, ‘काशा, जवळा घालू कुठं रे? तुझ्या त्या सायबाच्या टकलावर?’ बायका हसल्या.

‘आये, आता बर्फ येतोय. वाळवायची गरजच नाय.’

‘मग बर्फच खा नि नीज!’

खाडीचा बारीक जवळा बर्फात मऊ पडे; व्यापारी तो घेत नसत. विजेचा भरवसा नव्हता. यंत्रे गंजली, कुंपण राहिले. त्याची आई इतर बायकांबरोबर महामार्गाच्या कडेला जवळा पसरू लागली. धूळ बसलेला माल पाहून गिऱ्हाईक नाक मुरडी. काशिनाथची जीप रोज त्याच रस्त्याने महाडला जाई. ती कधी थांबली नाही. पाहुण्यांना मी दोष देत नाही. त्यांनी निदान विचारले होते.

बाराव्यानंतर त्याच्या महाडच्या घरी गेलो. वहिनींनी मला इमारतीच्या गच्चीवर नेले. एका कोपऱ्यात ऑइलपेंटने चौकोन आखलेला होता.

‘निवृत्त झाल्यावर ते इथे जवळा वाळवायचे,’ वहिनी म्हणाल्या. ‘वासावरून शेजाऱ्यांशी भांडणे झाली, पण या चौकोनात कुणाला पाय ठेवू दिला नाही. म्हणायचे, आज जागा सोडली तर उद्या इथे टाकी बसवतील.’

मी चपलांसह त्या चौकोनात उभा राहिलो. वहिनींनी माझ्या चपलांकडे पाहिले.