पडवीतली बिळं

आमच्या ह्यांना डॉक्टरांनी घरी बसवलं, तेव्हा आम्ही चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावात, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. मागच्या पडवीला फरशी नव्हती, नुसती माती. सिमेंट घालून घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडले. ह्यांनी उलट तिथेच खुर्ची टाकली, कारण त्या मातीत मधमाश्यांची बिळं होती. निळ्या पट्ट्यांच्या माश्या. पोळं नाही, राणी नाही. बिळं शेजारीशेजारी, पण प्रत्येकीनं आपलं आपण खणलेलं. तुळशीवरून पराग आणायचा, आत कालवून ठेवायचा, त्यावर अंडं घालायचं, तोंड लिंपायचं आणि निघून जायचं.

"पोरांचं तोंडसुद्धा बघत नाही गं," हे म्हणायचे.

"बसा तुम्ही माशा मारत," मी करवादायचे. स्वयंपाक, औषधं, दवाखाना सगळं माझ्या गळ्यात, आणि ह्यांना माश्यांची बाळंतपणं सुचत होती. राग यायचा. भीतीही वाटायची, कारण माश्या दिसेनाशा झाल्या तरी हे त्या बुजलेल्या मातीकडे बघत बसायचे. शेजारची तमिळ मामी झाडू घेऊन आली की हात आडवा करून "वेंडाम, वेंडाम", नको नको, म्हणायचे. नवीन माशी बाहेर येताना एकदा बघायची होती, बस.

एका सकाळी हे त्याच खुर्चीत गेले.

पुण्याहून वन्सं आल्या, ह्यांची मोठी बहीण. प्राण गेला तिथंच दिवा हवा, म्हणाल्या. मामीनं कुठूनसं शेण आणून दिलं. वन्संनी पडवी सारवली, दिवा लावला, शेजारी, बुजलेल्या बिळांवरच, पीठ पसरून त्यावर घट्ट विणीची टोपली पालथी घातली. दहाव्याला पिठात ज्याची पावलं उमटतील, त्या जन्माला माणूस गेला असं आमच्यात मानतात. मला अडवायचं त्राणच नव्हतं.

दहाव्याला टोपली उचलली. पिठाच्या मधोमध भोक पडलेलं. तिथून कडेपर्यंत फरपटल्याची रेघ, आणि कडेला पिठानं माखलेली एक माशी मरून पडली होती. निळे पट्टे तेवढे ओळखू येत होते.

"किड्याचा जन्म आला गं माझ्या भावाला," वन्सं रडायला लागल्या.

त्यांना काय सांगणार? आदल्या संध्याकाळी मी दिव्यात तेल घालायला तिथं बसले, तेव्हा टोपलीतून गुणगुण ऐकू आली होती. जागरणानं कान वाजताहेत असं समजून मी उठून आत गेले.