गॅरेजमधला खो-खो

आमच्याकडे कुणी नवीन माणूस जेवायला आलं, की हात धुवून होईपर्यंत सगळे गप्प असतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "ते पोह्यांचं सांगा ना." आता पोह्यांचं सांगायचं तर आधी चादरीचं सांगावं लागतं, आणि चादरीचं सांगायचं तर आप्पांच्या शिट्टीचं. वायरींच्या ड्रॉवरमधून एक चार्जर ओढावा आणि मागून चार यावेत, तसं होतं. म्हणून मी आपला पहिल्यापासूनच सुरू करतो.

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये शुभावहिनींचं घर आहे. त्यांची मुलगी इरा सत्तावीस वर्षांची, जन्म इथलाच. दिवसा एका कंपनीत ॲपचे स्क्रीन डिझाइन करते आणि उरलेल्या वेळात चित्रं काढते. आईच्या शाळेतल्या खो-खोच्या गप्पा ऐकून तिने मिनी नावाच्या एका खेळाडू मुलीची चित्रकथा करायला घेतली. न्यूयॉर्कच्या संपादिकेने ती दोनदा परत पाठवली. दुसऱ्यांदा लिहिलं, "माणसं गोड आहेत, पण काहीच घडत नाहीये." वर शेवटची संधी म्हणून ऑक्टोबरअखेर आठ नवी पानं मागितली.

इरा मला म्हणाली, "लास्ट टाइम, संजयकाका. या वेळी नाही झालं तर मी ड्रॉइंग बंद करणार." मी या पोरीला तीन वर्षांची असल्यापासून ओळखतो. ती बोलते ते करते, त्यामुळे मला धडकीच भरली.

म्हणून आम्ही दर शनिवारी सकाळी वहिनींच्या गॅरेजमध्ये जमायला लागलो. चित्रासाठी पोझ द्यायला आमचा मित्र प्रशांत, चुका काढायला मी. मी मूळचा नागपूरचा, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे चुका काढण्याचाच पगार मिळतो. आणि सल्ला द्यायला प्रशांतचे वडील, आप्पा. सांगलीला चाळीस वर्षं खो-खोचे कोच आणि पंच होते. सहा महिने मुलाकडे राहायला आले होते आणि येताना शिट्टी घेऊन आले होते.

शिट्टीचा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. फाउल झाला की दोनदा, गडी बाद झाला की एकदा. मग इराची आठही कच्ची पानं शांतपणे पाहिली, चष्मा काढला आणि दोनदा वाजवली.

* * *

पहिल्या शनिवारी इराने प्रशांतला ड्राइव्हवेवर पळायला लावलं. तो पळाला, तिने वीसेक फोटो काढले. प्रत्येक फोटोत माणूस जागच्या जागी उभा!

मी म्हटलं, "काहून बे, चप्पल हरवली का तुझी?"

इरा वैतागली. "काका, ही इज रिअली रनिंग. मग फोटोत दिसत का नाही?"

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "कारण तो सरळ उभा राहून पळतोय. पळणारा माणूस म्हणजे पडता पडता वाचणारा माणूस. त्याला आधी पाड." मग मुलाकडे पाहून म्हणाले, "चाळीस वर्षं गडी घडवले, घरातला तेवढा राहिला."

आता चाळिशीच्या प्रशांतला पडण्याच्या बेतात धरून ठेवायचं कसं? वहिनींनी जुनी डबल बेडची चादर आणली. ती त्याच्या कमरेभोवती घातली, मागची दोन टोकं मी आणि वहिनींनी धरली आणि तो पुढे झुकला. छाती पुढे, एक पाय हवेत, दोन्ही हात पसरलेले. काय दिसत होता म्हणून सांगू! इराचं स्केच भराभर चाललं होतं.

तेवढ्यात शेजारचे गोरे आजोबा कुत्र्याला घेऊन समोरून आले. एक माणूस जिवाच्या आकांताने रस्त्याकडे झेपावतोय आणि दोन जण त्याला चादरीने मागे ओढताहेत, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "इज ही ओके?"

प्रशांत तसाच लोंबकळत म्हणाला, "येस येस, ड्रॉइंग क्लास!"

पुढच्या शनिवारी आजोबा परत आले आणि आपल्या पाठदुखीच्या डॉक्टरचं कार्ड देऊन गेले.

* * *

त्यानंतर मी माझी कामगिरी दाखवायची ठरवली. इराची पानं घरी नेली आणि रीतसर एक्सेल शीट केली. एकूण तेवीस चुका! डाव्या बुटाला नाडीची भोकं पाच, उजव्याला सहा. एका चौकटीत रिबन लाल, पुढच्या चौकटीत भगवी. मी मोठ्या ऐटीत शीट पाठवली.

इराने फोन केला. "थँक्यू काका. एक सांगा, तिसऱ्या पानावर मिनी पकडतेय का पळतेय?"

मी पान उघडलं. पाहिलं. परत पाहिलं. मला ते सांगता येईना, आणि गंमत म्हणजे तोवर तो प्रश्न मला पडलाच नव्हता!

मग तिने मला खरी टेस्ट शिकवली. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं लहान करायचं, सगळ्या आकृत्या काळ्या भरायच्या आणि विचारायचं, काय चाललंय? तसं केल्यावर मिनीचे हात तिच्याच अंगात गडप झाले आणि मैदानाच्या मधोमध एक गॅसचा सिलिंडर उभा राहिला.

आम्ही परत चादर काढली. दोरीवर टांगली, मागे दिवा लावला आणि प्रशांतला दिवा आणि चादरीच्या मध्ये उभं केलं. नुसत्या सावलीवरून कळलं पाहिजे, हा नियम. हात अंगापासून लांब, कोपर बाहेर, गुडघा पुढे. प्रत्येक पोझला वहिनी ओरडून सांगायच्या, "पळतोय!", "वाकलाय!", "वळतोय!" एका सावलीला म्हणाल्या, "आता मात्र दमलाय बिचारा." प्रशांत आतून म्हणाला, "वहिनी, ती पोझ नाहीये."

त्या दिवसापासून माझी एक्सेल शीट एका ओळीची झाली. कोण, कुठे, कशासाठी चाललंय?

* * *

वहिनींचा किस्सा सांगितलेला त्यांना आवडत नाही, म्हणून तो त्या स्वयंपाकघरात गेल्या की सांगायचा.

इराच्या दुसऱ्या पानावर मैदानाच्या मधल्या पाटीवर बसलेल्या आठही मुली समोर तोंड करून होत्या, गॅदरिंगच्या फोटोसारख्या. आप्पांच्या दोन शिट्ट्या वाजल्या. "अगं, चार इकडे तोंड करून, चार तिकडे! एकाआड एक! बसायचा नियम आहे तो."

इरा म्हणाली, "आय नो, आप्पा. पण मग चौघींची पाठ दिसते ना. कोणाचा चेहरा कापायचा नसतो."

"हे कुणी सांगितलं?"

इराने आईकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वहिनी बारा वर्षं आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या फोटोग्राफर आहेत. एका दिवाळीत जोशीकाकूंचा अर्धा चेहरा समईमागे गेला. काकूंनी पुढची दोन वर्षं वहिनींना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तेव्हापासून वहिनींच्या फोटोत साठ माणसं असली तरी साठ चेहरे पूर्ण दिसतात, आणि इरा तेच फोटो बघत मोठी झाली. मैदानावर जीव तोडून खेळ चाललाय आणि सगळ्या जणी म्हणताहेत चीज!

आप्पा म्हणाले, "शुभाताई, फोटोत सगळ्यांचा मान ठेवायचा, कबूल. पण खेळात एकीचीच वेळ असते. बाकीच्यांनी पाठ करायची."

इराने चार पाठी काढल्या. मोठ्या, अगदी कागदाच्या कडेला कापलेल्या. आणि त्या पाठींच्या फटीतून लांबवर एवढीशी मिनी. मला खरंच शहारा आला. वहिनी जवळ येऊन म्हणाल्या, "एकटी पडलीये गं ती." बारा वर्षांत त्यांनी चेहरा नसलेल्या चित्राबद्दल काढलेला तो पहिला शब्द. मग लगेच म्हणाल्या, "पण मंडळाच्या फोटोत हे चालणार नाही हं."

* * *

आता पोहे.

वहिनींनी पोह्यांच्या पाच डिश ट्रेमध्ये आणल्या आणि ट्रे वॉशिंग मशीनवर ठेवला. मशीन चालू होतं. आम्ही पाचव्या पानावर वाद घालत होतो. चित्रात सहा मुली, सहा दिशांना हात, आणि बघणाऱ्याला कळेना पाहायचं कुठे. वाद रंगात आला आणि मशीन स्पिनला गेलं.

ट्रे सरकत सरकत कडेला आला. "पोहे!" म्हणून वहिनी ओरडल्या. प्रशांत खाली झेपावला, मी खुर्ची पाडून हात लांब केला, आप्पांनी काठी पुढे केली, वहिनींचे दोन्ही हात ट्रेकडे. इरा सगळ्यांत जवळ होती. तिने एक पाऊल मागे घेतलं आणि फोटो काढला!

पोहे जमिनीवर. ओल्या खोबऱ्यासकट.

वहिनी म्हणाल्या, "अगं कार्टे, तुझ्या हाताशी होता ट्रे!"

"आई, ओरडू नको, हे बघ ना! लाइन्स बघ!"

आम्ही फोटोवर वाकलो. प्रशांतची पाठ, माझा हात, आप्पांची काठी, वहिनींची बोटं, अगदी पडलेल्या खुर्चीचे पायसुद्धा, सगळं त्या ट्रेकडे चाललं होतं. आणि ट्रे अजून पडलेला नव्हता. आप्पा म्हणाले, "पडल्यावर काय, नुसती फरशी पुसायची असते. बघायचं ते याच्या आधी."

पाचव्या पानावर आज त्या ट्रेच्या जागी मिनीचा हात आहे. ओळखीचा माणूस नीट बघेल तर प्रशांतचं पोटही त्याला सापडेल.

* * *

राहिलं आठवं पान. शेवटची झेप. समोरची मुलगी खांबाला वळसा घालून निसटतेय आणि मिनी खांबाला धरून तिच्यावर सूर मारते. इराने ते नऊ वेळा काढलं आणि नऊ वेळा दोन शिट्ट्या. सोमवारी पानं पाठवायची होती आणि तो शेवटचा शनिवार होता. सूर मारणार कोण? प्रशांतच्या कमरेत उसण भरली होती. इरा पेन खाली ठेवून म्हणाली, "लेट इट गो. मला नाही येत हे." ती रडत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

आप्पा उठले. वय चौऱ्याहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. स्वेटर काढून त्याची घडी केली, चष्मा माझ्या हातात दिला आणि गॅरेजच्या मधल्या लोखंडी खांबाजवळ गेले.

प्रशांत म्हणाला, "आप्पा, नाही हं. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"पळणार नाहीये मी."

डाव्या हाताने त्यांनी खांब धरला. उजवा पाय मागे नेला आणि सगळं अंग तिरकं पुढे सोडलं. उजवा हात लांब, बोटांच्या टोकापर्यंत ताणलेला. मागचा पाय जमिनीवरून सुटला, आणि आप्पा तिथेच थांबले. फक्त इराचं पेन चाललं होतं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण खांबावरची त्यांची पकड सैल व्हायला लागली तेव्हा प्रशांतने मागून त्यांना अलगद धरलं.

वहिनींनी त्या वेळी एक फोटो काढला. त्यात आप्पांचा चेहरा दिसत नाही. तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये लावलाय.

त्या दिवशी शिट्टी वाजलीच नाही. आप्पांनी नवं पान पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं आणि म्हणाले, "बघू." पुढच्या आठवड्यात ते सांगलीला परत गेले.

नोव्हेंबरात संपादिकेचा मेल आला. इरा लॅपटॉप घेऊन धावत गॅरेजमध्ये आली, आम्हाला बोलावून घेतलं, आणि आप्पांना व्हिडिओ कॉल लावल्याशिवाय वाचणार नाही म्हणाली. आप्पांनी फोन टेबलावर ठेवला असावा. पडद्यावर नेहमीप्रमाणे नुसता छताचा पंखा फिरत होता.

इराने वाचलं. पुस्तक ते छापणार होते! प्रशांतने कंबर विसरून उडी मारली, वहिनी डोळे पुसायला लागल्या. इरा म्हणाली, "थांबा, थांबा, खाली अजून एक लाइन आहे. ती विचारतेय, शेवटच्या पानावर मिनीचा हात पोचला का? म्हणते, तिला झोप लागत नाहीये."

आम्ही सगळे इराकडे पाहायला लागलो. ती म्हणाली, "मला काय माहीत? मी तिथपर्यंतच काढलंय. आप्पा, तुम्ही सांगा."

पंखा फिरत राहिला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग शिट्टी वाजली. एकदाच.