रिकामे खिळे

जंगलाच्या नाक्यावर ती पहारेकरी होती. आत फोन लागत नसे. म्हणून प्रत्येकाने खिळ्यावरचा पत्र्याचा बिल्ला घेऊन आत जायचे आणि परतताना तो पुन्हा अडकवायचा, असा नियम होता. त्या संध्याकाळी एकच खिळा रिकामा राहिला, तिच्या सासऱ्यांचा. याच जंगलात वनरक्षक म्हणून हयात घालवलेल्या आबांना अलीकडे विसर पडू लागला होता. तिचा जीव थाऱ्यावर राहिना. अखेर तिने तीन सहकाऱ्यांना त्यांच्या शोधात धाडले.

काही वेळाने आबा घराकडच्या रस्त्यानेच डुलत आले. मागच्या पायवाटेने ते केव्हाच घरी पोहोचले होते. बिल्ला खिशातच होता.

“अगं, मी काय हरवणारा माणूस आहे? डोळे बांधून सोडलंस तरी घरी येईन!”

“तुम्ही नाही हरवलात, आबा. पण तुम्हाला शोधायला तिघं आत गेलेत. तुम्ही सापडलात हे त्यांना सांगायचं कसं?”

आबांनी बिल्ला अडकवला. शेजारी तीन खिळे रिकामे होते. त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली, पुन्हा उचलली आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. तिने खुर्ची पुढे केली, तरी ते बसले नाहीत.