पंपघराची शेवटची तक्रार

ऑफिसात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे खुसपटबाई. तिला ते ठाऊक होतं. अहो, खुसपटं काढायचाच तर पगार होता तिला! पाण्याच्या टाक्यांवरच्या मीटरकडे लक्ष ठेवणारा एक प्रोग्राम तिची कंपनी विकायची. प्रत्येक मीटरला नेटवर्कवर स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे. ते माणसं हाताने टाइप करणार, आणि माणूस म्हटला की चुकणारच. म्हणून ही बाई दिवसभर त्या प्रोग्रामला मुद्दाम वेडेवाकडे पत्ते भरवायची. कधी तीनच आकडे, कधी पाच, कधी मध्येच एखादं अक्षर. तो कुठे फसतो ते बघायची आणि लिहून ठेवायची.

घरी एक खोली, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला एकच टॉवेल. रविवारी बहिणीचा फोन यायचा. जेवलीस का, तब्येत कशी आहे, बरं ठेवते मग. बाकी आठवडाभर जो कुणी बोलायचा तो कामापुरता. तिला एकटं वाटायचं, फार वाटायचं, पण सांगणार कुणाला?

अपवाद एकच, दूरच्या एका पंपघरातला ऑपरेटर. हा बाबा तक्रारी करण्यात पटाईत. टिंबाऐवजी स्वल्पविराम पडला की प्रोग्राम बंद पडतो, पत्त्याच्या शेवटी मोकळी जागा राहिली की मीटर सापडत नाही. दोन वर्षांत अकरा तक्रारी, आणि एकूण एक खऱ्या. बाकीचे त्याच्या नावाने बोटं मोडायचे. पण तक्रारीच्या शेवटी तो एखादी जास्तीची ओळ टाकायचा. मोटारीच्या झाकणावर मांजर व्यालीय. आज पाणी फार गढूळ आहे. मॅडम, तुमच्या खिडकीतून काय दिसतं? मग ही शेऱ्याच्या रकान्यात समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांबद्दल लिहायची. एकदा चार ओळी लिहिल्या आणि लाजून दोन खोडल्या.

बारावी तक्रार मंगळवारी सकाळी आली. नव्या टाकीवर मीटर बसवलाय, टाकी काठोकाठ भरलीय आणि पडद्यावर अर्धीच दिसतेय. खात्री करायला तो तीनदा शिडी चढून आला होता. खाली लिहिलं होतं की अजून चार मीटर यायचे आहेत, तेव्हा तयारीत राहा.

तिने दहा मिनिटांत दुखणं पकडलं. रांग नीटनेटकी दिसावी म्हणून हा गृहस्थ शेवटचा आकडा नेहमी तीन घरांत लिहायचा, बाराच्या जागी ०१२. आणि प्रोग्रामला एक जुनी खोड होती. आकड्याआधी शून्य दिसलं की तो दहाच्या पटीत मोजायचं सोडून आठाच्या पटीत मोजायचा. त्याच्या लेखी ०१२ म्हणजे एक आठ आणि वर दोन, म्हणजे दहा, आणि दहावर होता पलीकडच्या टाकीचा मीटर, दुसऱ्याच कुणी साधा १० लिहून जोडलेला. सातपर्यंत दोन्ही मोजण्या सारख्याच आणि ऑपरेटरचे आधीचे मीटर सातच्या आतले, म्हणून इतके दिवस झाकली मूठ राहिली होती.

उपाय दोन होते. या मीटरपुरतं नुसतं १२ लिहा, एवढंच त्याला कळवायचं. मग पुढचे चार मीटर, चार तक्रारी, चार पत्रं, वर्षभराची बेगमीच म्हणा ना. किंवा शून्याने सुरू होणारा असा आकडा प्रोग्रामने घ्यायचाच नाही आणि काय चुकलं ते पडद्यावर स्वच्छ सांगायचं. तसं झालं तर त्याला कधी कुणाला विचारायची गरजच पडणार नव्हती.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती पहिलं उत्तर टाइप करून बसली होती. पाठवायला बोट काही उचलेना. उद्या एका टाकीचा आकडा दुसरीच्या नावावर वाचून त्याने मोटार चालू ठेवली आणि ती जळली तर? बाईला लबाडी करायची फार इच्छा होती हो, पण जमेल तर शपथ. तिने उत्तर पुसलं आणि एकतीस चाचण्या लिहिल्या. बारा हवा, ०१२ नको. नुसतं शून्य हवं, दोन शून्यं नकोत. प्रोग्रामरच्या टेबलाशी दोन दिवस उभी राहून तिने बदल करून घेतला.

पुढच्या सोमवारी उत्तर आलं. "मॅडम, झकास काम झालं. चारही मीटर मी एकट्याने जोडले, चुकलो तिथे पडद्यानेच सांगितलं. दोन वर्षं तुम्हाला फार पिडलं. आता पुन्हा त्रास देणार नाही."

साहेबांनी तिच्या खांद्यावरून ते वाचलं. सुटलो एकदाचे या माणसाच्या तावडीतून, म्हणाले, आणि शाबासकी देऊन गेले. ती हसली. त्यांच्या केबिनचं दार लागेपर्यंत हसतच राहिली.

मग पडद्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "द्या हो. द्या ना त्रास."

आणि तिने तक्रार बंद केली.